कातडं भिजत घातलंय

सन एकोणीसशे आठ. मी सत्तावीस वर्षांचा होतो, आणि घोड्याचा साज करण्यात कोल्हापुरात माझा हात धरणारा कोणी नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझी अब्रू थोडी जाणार आहे. खोटा वायदा करण्यातही माझा हात धरणारा कोणी नव्हता.

या अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "दौलूआबा, तुमचं काम कधी वायद्याला चुकलं नाही अशी तुमची ख्याती. वेळच्या वेळी काम कसं करावं, यावर तरुणांसाठी चार शब्द लिहा." मी म्हणालो, "मी मराठी दुसरी शिकलेला माणूस. तिसरीच्या मास्तरचं तोंडसुदिक बघितलं न्हाई." ते म्हणाले, "तुम्ही सांगा, मी लिहून घेतो." ते मला पटलं नाही. माझ्या कामाला दुसऱ्याचा हात लागलेला मला जन्मात खपला नाही. म्हणून हे मीच लिहितोय. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी बघावं, मजकुराला कात्री लावू नये. आणि तरुणांना आधीच सांगतो, ती ख्याती निम्मी खोटी आहे. सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत माझं एकही मोठं काम वायद्याला झालं नव्हतं.

आता घोडी गेली आणि मोटारी आल्या, त्यामुळं आमचा धंदा काय होता हे सांगायला पाहिजे. बसायच्या घोड्याला जीन, तोंडात लगाम. टांग्याच्या घोड्याला गळ्यात जाड गळपट्टा, पोटाखालून आवळायचा तंग, आणि टांगा ओढायला दोन्ही अंगांनी लांब पट्टे. हे सगळं मिळून साज. घोड्याच्या अंगाला तो कपड्यासारखा बसला पाहिजे. एका बोटानं सैल झाला तर घासतो, एका बोटानं आवळला तर कापतो. घोडं काही बोलून दाखवत नाही. जखम झाली की कळतं.

हे झालं मापाचं. खरी मेख कातड्यात. कमावलेलं कातडं आमच्याकडं यायचं ते बाभळीची साल आणि मलकापूरकडचा हिरडा यांत महिनेच्या महिने मुरून. सुकलेलं कातडं म्हणजे लाकूड. रापी, म्हणजे आमची कातडं कापायची पाती, त्यावर घसरते. भोकं पाडायची आरी मोडते. म्हणून काम सुरू करायच्या आदल्या संध्याकाळी ते पाण्यात टाकायचं आणि सकाळी काढून ओल्या गोणपाटात गुंडाळायचं. मग ते मऊ येतं, सांगाल तसं वळतं. पण एकदा भिजलं की तीन-चार दिवसांच्या आत कापून, वळवून, शिवून झालंच पाहिजे. नाहीतर त्यावर बुरशी चढते, काळे डाग पडतात. तसंच सुकू दिलं तर पापडासारखं वाकडं होतं, आणि परत भिजवलं तर त्यातला जीव जातो. म्हणजे भिजवेपर्यंत कारागीर मालक, भिजवल्यावर कातडं मालक. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा.

मी आळशी होतो असं कोणी समजू नये. दिवस उगवल्यापासून दिवे लागेपर्यंत माझा हात चालू असायचा. पण कशावर? कुणाच्या चपलेचा अंगठा, कुणाच्या मोटेला ठिगळ, तालमीतल्या पैलवानाचा कमरपट्टा. दारात जो येईल त्याचं किरकोळ काम लगेच. मोठं काम मात्र उद्या. जीन? उद्या. साज? उद्या या, पावणं. कारणं माझ्याकडं आरीसारखी ओळीनं लावलेली असायची. मेण संपलंय. आज अमावस्या. हवा दमट हाय, शिवण धरत न्हाई. हवा कोरडी हाय, दोरा तुटतोय. एकाच आठवड्यात एकाच माणसाला ही दोन्ही कारणं सांगितलेली मला आठवतात.

कागलच्या बाजूला एक पाटील होते, त्यांची गंमत सांगतो. त्यांनी एका शिंगरासाठी जीन सांगितलं. शिंगरू देखणं होतं, पाटलांचा त्याच्यावर लई जीव. मी स्वतः जाऊन माप घेऊन आलो. माप म्हणजे कातड्याची एक लांब वादी, तिच्यावर नखानं खुणा. ती वादी मी दुकानात खिळ्याला टांगली आणि उद्या-उद्या करत वर्ष काढलं. शेवटी एकदा पाटील फारच तापले, तेव्हा जीन केलं. असं केलं की बघत राहावं. डोक्यावर घेऊन कागलला गेलो. शिंगराच्या पाठीवर टाकलं तर ते पाठीवर टोपी ठेवल्यासारखं दिसायला लागलं. शिंगराचं घोडं झालं होतं!

पाटील काही ओरडले नाहीत. मिशीवरून हात फिरवून एवढंच म्हणाले, "दौलू, मी थांबलो रं तुझ्यासाठी. घोडं न्हाई थांबलं की."

सोप्यातली सगळी माणसं हसली. मी जीन परत डोक्यावर घेतलं आणि आलो. नवं करून देतो म्हणालो. कधी? उद्या.

आता मुख्य गोष्ट.

दस्तगीरभाई टांगेवाले. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, दाढीला मेंदी, आवाज असा की गल्लीच्या तोंडाला बोलले तर शेवटच्या घरात ऐकू यावं. त्यांची एकच घोडी, बिजली. माझ्या वडिलांनी तिला पहिला साज करून दिला होता, त्याला सात-आठ वर्षं झाली होती. वडील जाऊनही तीन वर्षं होऊन गेली होती. तो साज आता जागोजागी तुटला होता. शिमग्याच्या सुमाराला दस्तगीरभाई आले आणि म्हणाले, "दौलू, तुझ्या बापाच्या हातचा साज घातला, आता तुझ्या हातचा घालायचा हाय. दुसऱ्याकडं जायचो न्हाई."

ऐकून माझी छाती फुगली. मी म्हणालो, "दस्तगीरभाई, असा साज करतो की घोडीनं आरशात बघावं." आणि शिमग्यापासून नवरात्र तोंडावर येईपर्यंत मी त्यांना उद्या सांगत राहिलो.

त्यांनी काय करावं? मी उद्या म्हणालो की ते तुटक्या पट्ट्याला सुतळीची एक गाठ मारायचे आणि म्हणायचे, "ही आजची." पावसाळा संपता संपता त्या साजात कातडं कमी आणि गाठी जास्त झाल्या. स्टेशनाच्या रस्त्यावर कोणी विचारलं, भाई, हा कसला साज, तर ते सांगायचे, "हा दौलूचा उद्याचा साज हाय. आज फकस्त गाठी दिल्यात." गावभर झालं ते.

मला राग यायचा, पण काम होत नव्हतं. का होत नव्हतं, ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतो.

माळ्यावर वडिलांनी ठेवलेलं एक अख्खं कातडं होतं. तसलं कातडं मी परत बघितलं नाही. पाठीवर कुठं डाग नाही, जाडी सगळीकडं सारखी, रंग मधासारखा. वडील म्हणायचे, "हे चांगल्या कामाला ठेवलंय." बिजलीचा साज त्याच कातड्याचा करायचा हे मी मनात ठरवलं होतं. आणि साजाचं असं असतं की पहिला काप सगळ्यात लांब. ओढायचे पट्टे पाठीच्या मधोमध, कण्याच्या बाजूनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत एका हातानं काढायचे. तो काप वाकडा गेला की अख्खं कातडं गेलं. लहान तुकड्यापासून सुरुवात करू म्हटलं तर चालत नाही. मी माळ्यावर चढायचो, कातड्यावरून हात फिरवायचो, आणि खाली येऊन कुणाच्यातरी चपलेचा अंगठा शिवत बसायचो.

भ्यायलो होतो. दुसरं काही नाही.

दसऱ्याच्या आधी एक बातमी आली. महाराजांच्या राज्यात दसरा म्हणजे केवढा थाट, ते जुन्या माणसांना सांगायला नको. परगावचे पाहुणे रेल्वेनं यायचे, त्यांना न्यायला-आणायला चांगले टांगे लागायचे. त्या वर्षी असं ठरलं की स्टेशनावर उभं राहायची जागा निवडक टांग्यांनाच द्यायची, आणि ती वर्षभर त्यांचीच. शुक्रवारी सकाळी मैदानावर टांगे आणायचे. दरोगासाहेब, म्हणजे घोड्यांवरचे अधिकारी, घोडं आणि साज दोन्ही बघणार. पसंत पडलं तर जागा, नाहीतर नाही.

सोमवारी दुपारी दस्तगीरभाई आले. मी नेमका तालमीत पट्टा द्यायला गेलतो. ते माझ्या बायकोशी, अनसाशी बोलून गेले. मी आलो तर ती चुलीपुढं बसली होती.

"भाई येऊन गेलं," ती म्हणाली.

"ओरडलं असतील."

"न्हाई ओरडलं. त्याचंच भ्या वाटलं मला. हळू बोलत हुतं." तिनं भाकरी उलटली. "म्हणालं, वहिनी, शुक्रवारी साज न्हाई झाला तर स्टेशन गेलं. मग वडगावच्या बाजाराला दुसऱ्याचा टांगा हाकायचा, आन बिजली इकायची."

मी तालमीतून आणलेले पैसे उगाच मोजायला लागलो.

"कवा कापणार?" तिनं विचारलं.

माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं, "उद्या."

तिनं माझ्याकडं बघितलं. काही बोलली नाही. अनसा पेठ वडगावची, बाजाराच्या गावची. भावात घासाघीस करताना तिची जीभ कोणी थांबवू शकत नसे. ती गप्प बसली म्हणजे काहीतरी घाट घातलाय, हे मला कळायला पाहिजे होतं.

मंगळवारी सकाळी तोंड धुवायला परसात गेलो तर दगडी डोणीत माझ्या बापाचं कातडं बुडालेलं. वर धोंडे ठेवलेले. रात्रभर पाणी पिऊन फुगलं होतं.

मी जो ओरडलो, तो गल्ली जागी झाली. "कुणी केलं हे? माझ्या बापाचं कातडं!"

अनसा कमरेला पदर खोचून दारात उभी. "मी केलं."

"इचारलंस कुणाला?"

"इचारलं की. काल. कवा कापणार म्हणून. तुमीच म्हणाला की उद्या. झाली की उद्या."

"अगं, आता तीन दिसांत झालं न्हाई तर कातडं मातीमोल!"

"व्हय. म्हणूनच."

"बापानं जपून ठेवल्यालं..."

"मामंजींनी ते माळ्यावर टांगाय कमावून घेतलं नव्हतं," ती म्हणाली. "माणसं तुमच्यासाठी लई थांबली. आता कातडं थांबायचं न्हाई. बसा."

मी तिच्याशी तीन दिवस बोलणार नाही असं ठरवलं. तो हट्ट मी पाळलाही, म्हणजे दुपारपर्यंत. कातडं काढलं, गोणपाटात गुंडाळलं, आणि रापीला धार लावायला बसलो. धार झाली. परत लावली. मग आऱ्या पुसल्या. मग पाट झाडला. मग परत रापी दगडावर घेतली, तेव्हा अनसा आतून म्हणाली, "घासून घासून तिची सुई व्हईल. मग चपला शिवायला बरी पडंल."

मी चिडून उठलो आणि कातडं पाटावर उलटं पसरलं. मांसाची बाजू वर. ओल्या फडक्यानं पुसलं. आणि हात तिथंच थांबला.

कण्याच्या बाजूनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आरीच्या टोकानं ओढलेली बारीक रेघ होती. वाळलेल्या कातड्यावर, धुळीखाली ती कधी दिसली नव्हती. भिजून कातडं फुगलं आणि रेघ उघडी पडली. शेजारी दुसरी, आणि कडेला तंगाची. सरळ, बापाच्याच हातची. तसली रेघ पुऱ्या पेठेत दुसरा ओढत नव्हता.

म्हणजे वडिलांनी कातडं आखलं होतं. आखलं होतं आणि कापलं नव्हतं. परत गुंडाळून माळ्यावर ठेवलं होतं.

मी अनसाला हाक मारली. ती आली, वाकून बघितलं, आणि तिच्या ध्यानात येताच तोंडावर पदर धरून हसायला लागली. हसता हसता खाली बसली. "म्हंजे हे घराणंच हाय म्हणायचं," ती म्हणाली. "मामंजीबी उद्याच करत हुतं!"

मलाही हसू आलं. खरं सांगतो, बाप गेल्यावर त्याच्याविषयी मी एवढा मोकळा हसलो तो त्या दिवशीच. मला वाटायचं त्यांचा हात कधी कचरला नसेल. त्यांचाही कचरला होता. माझ्यासारखाच रापी घेऊन बसला असेल गडी, परत परत धार लावत.

रापी रेघेवर ठेवली आणि ओढली. सरळ गेली. एवढंच. सात महिने ज्याला भीत होतो, ते चार श्वासांत झालं.

लांब पट्टे निघाले. आता गळपट्टा आणि तंग यांचं माप. शिमग्यात घेतलेली मापाची वादी खिळ्याला होती, पण तिच्याकडं बघताच मला पाटलांचं घोडं आठवलं. मी नवी वादी घेतली आणि दस्तगीरभाईंच्या घरी निघालो. त्यांच्या घरी मी कधी गेलो नव्हतो. सात महिने तेच माझ्याकडं यायचे.

ते घोडीला खरारा करत होते. मला बघून खरारा खाली टाकला. "काय रं दौलू? आता उद्या सांगायला घरापातूर यायला लागलास?"

"माप घ्यायचं हाय."

"माप? शिमग्यात घेतलंस की."

"तवाचं माप तवाच्या घोडीचं. बाजूला व्हा."

बिजली वाळली होती. दोन बोटं उतरली होती. आणि डाव्या खांद्यावर, जिथं सुतळीच्या गाठी घासत होत्या, तिथं रुपयाएवढी जखम होती. ओली. माशा बसत होत्या. दस्तगीरभाईंनी हळद आणि तेल लावलं होतं. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. घोडीनंही माझ्या हाताला नाक लावून हुंगलं. त्या हाताला कातड्याचा वास होता म्हणून असेल.

मी तीनदा माप घेतलं. जखमेचंही घेतलं.

ते तीन दिवस कसे गेले ते काय सांगू. मी कापतोय, वळवतोय, शिवतोय, आणि अनसा दोऱ्याला मेण लावून देतेय. गंमत म्हणजे त्याच तीन दिवसांत अख्ख्या गावाच्या चपला तुटायला लागल्या. दारात माणूस आला की माझा हात जुन्या सवयीनं पुढं व्हायचा. अनसा उंबऱ्यात उभी. "आज न्हाई. आज कातडं भिजलंय." पैलवान आला. त्याचा पट्टा सैल झाला होता. दारात मावत नव्हता एवढा गडी, म्हणाला, "वैनी, दोन टाकं घालायचं हाईत, उगं दोन." ती म्हणाली, "कातडं भिजलंय म्हटलं की. कुस्ती मारताय न्हवं? मग पट्टा हातानं धरा." पैलवान खाली मान घालून गेला.

गळपट्ट्याला मी आतून लोकर भरली, आणि डाव्या बाजूला जखमेच्या जागी खोलगट ठेवलं, म्हणजे तिथं काही टेकणार नाही. असला गळपट्टा मी आधी केला नव्हता, कोणी केलेला बघितला नव्हता. तंगाचा पट्टा वडिलांनी आखलेल्या रेघेवरच कापला, पण तो मला वीतभर जास्त वाटत होता. कापून टाकावा असं दोनदा मनात आलं. बापाची रेघ आहे, राहू दे, म्हणालो. गुरुवारी दिवस मावळायला शेवटचा टाका पडला. करडीचं तेल चोळलं. अनसानं साजाला हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाली, "आता रागवा माज्यावर, कातडं भिजवलं म्हणून."

शुक्रवारी सकाळी मी स्वतः साज चढवायला गेलो. गळपट्टा बसला, पट्टे बसले. तंग आवळायला गेलो, तर शेवटचं भोक बकलापासून दोन बोटं अलीकडंच! तीनदा घेतलेलं माप.

"दस्तगीरभाई, घोडीला काय चारलंय?"

ते लाजले. एवढा मोठा माणूस लाजला. "आनंद झाला रं. मंगळवारपास्नं हरभरा आन गूळ. पोटभर."

घोडी टम्म फुगली होती. पण तो वीतभर जास्त पट्टा होता की! आरी काढली, पट्ट्याला पुढं नवं भोक पाडलं, बकल लागलं. बाप शहाणा. घोडं खातंय-पितंय, हे त्यानं रेघेत धरलं होतं.

मैदानावर तीस-एक टांगे असतील. दरोगासाहेब म्हातारे, ताठ, हातात छडी. बिजलीपाशी आले. पट्ट्यावरून बोट फिरवलं, शिवण बघितली, मान हलवली. मग गळपट्टा उचलून आत बघितलं आणि चेहरा बदलला.

"हे काय? घोडीला जखम हाय."

जखमी घोडं म्हणजे बाद. आधीचे दोन टांगे त्याच कारणावरून बाजूला काढले होते. दस्तगीरभाईंनी लगाम घट्ट धरला. ते माझं नाव सांगतील असं मला वाटलं. त्यांनी सांगितलं नाही. खाली बघत उभे राहिले.

मी गर्दीतून पुढं गेलो. माझ्यासारख्या ताठ माणसाला ते कसं जड गेलं ते मलाच ठाऊक. म्हणालो, "साहेब, जखम घोडीवाल्याची न्हाई. माजी हाय."

"तू कोण?"

"साज करणारा. शिमग्यात साज सांगितलता त्यांनी. मी उद्या-उद्या केलं. जुन्या साजानं खांदा सोलला. नवा गळपट्टा बघा साहेब, तिथं खोलगट ठेवलाय. टेकत न्हाई. बोट घालून बघा."

त्यांनी बोट घातलं. मग घोडीला चार पावलं चालवायला सांगितलं आणि परत बोट घातलं. माझ्याकडं वळले.

"आसला गळपट्टा कुणाकडं शिकलास?"

"माज्या चुकीकडं, साहेब."

ते हसले नाहीत, पण मिशी हलली. "हा साज किती दिवसांत केलास?"

"तीन."

"आन उद्या म्हणत किती काढलंस?"

मी काही बोलायच्या आत दस्तगीरभाईंचा तो आवाज सगळ्या मैदानावर घुमला, "सात म्हयनं, हुजूर! गाठी मोजून ठेवल्यात!"

मैदान हसलं. दरोगासाहेबांनी छडीनं टांगा उजवीकडं काढायला सांगितलं. उजवीकडं म्हणजे पसंत. "दसऱ्याला जखम भरलेली पायजे," एवढंच म्हणाले आणि पुढं गेले.

जखम भरली. दसऱ्याच्या आधीच भरली. पण घोड्याचं असं असतं की साजाची जखम भरल्यावर तिथं जे केस येतात ते पांढरे येतात, आणि मरेपर्यंत पांढरेच राहतात. बिजली तांबडी होती. तिच्या डाव्या खांद्यावर रुपयाएवढा पांढरा ठिपका राहिला. ती त्यानंतर नऊ वर्षं स्टेशनावर होती. माझा साज मिरवत रोज माझ्या दुकानावरून जायची, लोक साजाकडं बघायचे, आणि मी त्या ठिपक्याकडं बघायचो. तरुणांनो, उद्याची खूण कशी दिसते असं कोणी विचारलं तर सांगा, पांढरी आणि रुपयाएवढी.

पण मी मैदानावरच्या दिवसाचं सांगत होतो. त्या शुक्रवारी घरी आलो, जेवलो. अनसा म्हणाली, "आता दोन दीस पडा निवांत." मीही तेच ठरवलं होतं. अंथरुणावर पाठ टेकली, आणि समोर खिळ्याला पाटलांच्या शिंगराची मापाची वादी. वर्षभराची. उद्या कागलला जाऊन घोड्याचं माप घेऊन येऊ, असं मनात आलं, आणि लगेच मी मलाच ओळखलं. उद्या मी जाणार नव्हतो. रविवारी पण नाही. दारात कुणाची तरी चप्पल तुटणार होती.

शनिवारी तांबडं फुटायच्या आत उठलो. अनसाच्या आधी उठलो, हे लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. जिनाचं कातडं काढलं, परसात नेलं, डोणीत बुडवलं, वर धोंडे ठेवले. मग दस्तगीरभाईंचं दार वाजवलं. "चला, नवा साज कागलपातूर तुडवून बघू." ते आनंदानं निघाले. सगळ्या वाटेनं नवं कातडं करकरत होतं, आणि ते करकरणं ऐकत दस्तगीरभाई गात होते. गळा मात्र त्यांचा बेसूर.

पाटील सोप्यावर दात घासत होते. मला टांग्यातून उतरताना बघून म्हणाले, "दौलू? वाट चुकलास का काय?"

"घोडं बाहेर काढा, पाटील."

माप घेतलं. परत घेतलं. वाढत्या अंगाला दोन बोटं जास्त धरली. वादी गुंडाळून कमरेला खोचली. तोपर्यंत आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला होता आणि रस्स्याचा वास सुटला होता. पाटील म्हणाले, "बस की आता, ईळभर. जेवून जा. एवढ्या लांब आलायस."

दस्तगीरभाई तर बसलेसुद्धा.

मी म्हणालो, "न्हाई पाटील. कातडं भिजत घातलंय." आणि टांग्यात चढलो.